नाव कमी करण्याआधी

यादीतून नाव कमी होणे आपल्या समाजाला नवे नाही. यादी रेशनची असो, घरकुलाची असो की मतदारांची, नाव गेल्याचे माणसाला कळते ते रांगेत उभे राहून खिडकीपाशी पोचल्यावर. म्हणून वस्तीतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे काम वहीतून संगणकावर आणताना आम्ही पहिला प्रश्न हाच घेतला: आपल्या यादीतून नाव कसे जाणार? आणि ते जात असताना दुसरा कोणी त्याच नावावर काम करत असेल तर?

दुबार नोंदी होतातच. दोन कार्यकर्ते एकाच घरी जाऊन येतात. मग कोणीतरी सुचवते, नाव-आडनाव सारखे दिसले की एक नोंद उडवा. पण 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता आले. एका गल्लीत दोन राहुल कांबळे असू शकतात, आणि दोघांच्या वडिलांचे नाव गौतमही असू शकते. एक उडवला तर एका मुलाचे वर्ष जाते. त्यामुळे दुबार कोण हे माणसानेच ठरवायचे, असे आम्ही ठरवले. तरी अडचण उरते. एकाच संध्याकाळी एक जण अहवाल काढतो, दुसरी जात वैधतेची कागदपत्रे चढवते आणि तिसरा दुबार नोंदी काढतो. तिघांचे काम एकमेकांत अडकले तर काय होते, हे खऱ्या मुलांच्या नावांवर कळायला नको. आम्ही 1000 बनावट नोंदींचा वेगळा डेटाबेस केला आणि पोस्टग्रेसच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या.

पहिली चाचणी साधी होती. एका खिडकीत नोंदी मोजणारी क्वेरी मुद्दाम 30 सेकंद रेंगाळत ठेवली. तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून 10 नोंदी डिलीट करून कमिट केले. पहिलीचे उत्तर आले 1000. पुन्हा विचारले तेव्हा 990. क्वेरी सुरू होताना जी यादी होती, तीच तिला शेवटपर्यंत दिसते. डिलीट केलेली नोंद लगेच पुसली जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. जुन्या कोणत्याही क्वेरीला तिची गरज उरली नाही की मगच व्हॅक्यूम ती जागा मोकळी करतो. पण अहवालात एकूण आकडा एका क्वेरीने आणि नावे दुसरीने काढली, तर मधल्या डिलीटमुळे आकडा 1000 आणि नावे 990 असे होऊ शकते. म्हणून संपूर्ण अहवाल आता एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, रिपीटेबल रीड लावून निघतो.

दुसऱ्या चाचणीत एका खिडकीत नोंद दुरुस्त केली, पण कमिट केले नाही. दुसरीकडून तीच नोंद डिलीट करायला सांगितले. डिलीट थांबून राहिले. दुरुस्ती कमिट होताच अट पुन्हा तपासली गेली, आणि अटीत फक्त नोंदीचा क्रमांक असल्याने दुरुस्त झालेली नोंदही गेली. यावर उपाय सोपा निघाला. काढणाऱ्याने नोंद पाहिली तेव्हाची शेवटच्या बदलाची वेळही अटीत घालायची. मध्ये कोणी हात लावला असेल तर शून्य नोंदी डिलीट होतात.

तिसऱ्या चाचणीने मात्र आमची झोप उडवली. विद्यार्थ्याच्या नोंदीला कागदपत्रे जोडलेली असतात, आणि मूळ नोंद गेली की तीही जावीत यासाठी कॅस्केड लावण्याची पद्धत आहे. एकीकडे नवा कागद चढत होता, दुसरीकडे मूळ नोंद डिलीट होत होती. डिलीट थांबले, कागद कमिट झाला, आणि पुढच्याच क्षणी नोंदीसकट तो कागदही गेला. ना चूक दाखवली, ना इशारा. चढवणाऱ्या कार्यकर्तीला काम झाले असेच वाटले असते. ज्या कागदासाठी आई-वडील मजुरी बुडवून हेलपाटे मारतात, तो असा जायचा? आम्ही कॅस्केड काढून रिस्ट्रिक्ट लावले. आता जोडलेला कागद असेल तर यंत्र डिलीट नाकारते.

मित्रांनो, यात समाजशास्त्र आहे. यंत्राला थांबायला शिकवता येते, तसे यादी ठेवणाऱ्या व्यवस्थेलाही शिकवता येते. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. संविधानाच्या कलम 326 ने प्रौढ मताधिकार दिला. पण तो हक्क मतदानाच्या दिवशी यादीतल्या एका ओळीवर उभा असतो. ती ओळ काढण्यावर माणसाचे म्हणणे ऐकण्याचे बंधन कायद्यात आहे. नाव वगळण्याच्या मागणीसाठी नमुना 7 आहे. ते बंधन पाळले की नाही, हे विचारणारा वस्तीत हवा.

म्हणून संगणक शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आमचे सांगणे आहे. कुठलीही यादी तुमच्या हाती आली की आधी डिलीट तपासा, तेही बनावट नोंदींवर आणि दुसरी कामे चालू असताना. काढलेले प्रत्येक नाव, काढणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण वेगळ्या टेबलात ठेवा. आणि ज्याचे नाव काढायचे आहे, त्याच्या घरी आधी एकदा जाऊन या.

जय भीम!