साबुदाण्याची खळ

टोनर म्हणजे शाई नव्हे. लेझर प्रिंटरमधली ती काळी पूड मुळात प्लॅस्टिकची. उष्णतेने वितळते आणि जिथे टेकते तिथे चिकटते. घरच्या घरी सर्किट बोर्ड करायचा तो या चिकटण्याच्या भरवशावर. कागदावर नकाशा छापायचा, तांबं चढवलेल्या बोर्डवर पालथा ठेवायचा आणि वरून कडक इस्त्री दाबायची. पण तांब्याला चिकटलेली रेघ कागदाने सोडायलाही हवी. त्यासाठी कागदावर पाण्यात सुटणारा थर लागतो. विकतच्या कागदावर हा थर बहुधा डेक्स्ट्रिनचा, म्हणजे भाजलेल्या पिठूळ सत्त्वाचा असतो. आमच्या कागदावर साबुदाण्याची खळ.

खळ आई करते. तिच्या सुती साड्यांचीच, फक्त जरा दाट. साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवून मलमलीतून गाळायचा. रुंद ब्रशने पातळ हात द्यायचा, वाळला की दुसरा, आडवा. कागद पुरता कोरडा झाल्याशिवाय प्रिंटरमध्ये घालायचा नाही.

एवढा खटाटोप एका घंटेसाठी. अर्धांगवायूनंतर बाबांना हाक मारता येत नाही आणि बाजारातल्या घंटेचं बटण दाबण्याइतका जोर बोटांत नाही. रात्री आई त्यांच्या मनगटापासून आपल्या मनगटापर्यंत एक नाडी बांधून झोपते. ती हलली की उठते. कूस बदलली तरी हलते.

म्हणून बटणच नको. तांब्याच्या दोन फण्या, दातांत दात घातलेल्या, मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट. बोट टेकलं की त्वचेतून जाणारा क्षीण प्रवाह 555 या चिपला पुरतो. हान्स कॅमेन्झिंड यांनी 1971 साली आखलेली ही चिप आजही काही रुपयांत मिळते. फट बुजली तर घंटा थांबणार नाही. दात तुटला तर तिथे टेकलेलं बोट वाया जाईल.

इस्त्रीनंतर बोर्ड पाण्यात ठेवायचा. कागद ओढायचा नाही. खळ फुगते आणि कागद आपणहून सुटतो. मग फेरिक क्लोराइड. उघडं तांबं, जेमतेम 35 मायक्रॉन जाडीचं, विरघळून जातं आणि टोनरखालचं राहतं.

"नाडी सोडू का गं आता?" घंटा लावली त्या रात्री आईने विचारलं. मी हो म्हटलं. तिने स्वतःच्या मनगटाची गाठ सोडली, बाबांची तशीच ठेवली.

पहाटे चारला घंटा वाजली. आई धावत गेली. पाणी नको होतं, कूस बदलायची नव्हती. बाबांनी नुसती हाक मारली होती.