कानातला कापूस

खामगावात कापूस कुणी विकत आणत नाही. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमधून तो सांडतो, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहतो, वाऱ्यावर उडत घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातल्या मोठ्या कापूसबाजारांत या गावाची गणना होई. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. पुढे १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तोही याच पांढऱ्या मालाच्या ओढीनं.

घरात कापसाच्या वाती होत, दुलया भरल्या जात. लग्नकार्यात पाहुण्यांच्या कानात अत्तराचा फाया जाई. माझ्या आठवणीतला कापूस मात्र बाबांच्या कानातला आहे. ते जिनिंगमध्ये रेच्यांवर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, कामाला होते. ओळीनं लागलेले रेचे एकदम सुरू झाले की शेडमध्ये शेजारच्या माणसाचे नुसते ओठ हललेले दिसत. कामावर जाताना बाबा हाताशी येईल तो कापूस चिमटीत वळून दोन्ही कानांत कोंबत. गणपतीच्या मिरवणुकीला निघालो की तोच उपाय ते आमच्यावरही करत. "कानात बोया घाल वं पोरी, बँडच्या जवय नको जाऊ," एवढंच म्हणत. आमच्या वऱ्हाडीत बोळ्याचा बोया होतो, आणि तो घातला की आपण सुरक्षित झालो असं आम्हा भावंडांना वाटे.

मिरवणूक तेव्हाही दणदणीतच असे. सगळ्यांत पुढे मानाचा लाकडी गणपती, मागे एकेका मंडळाचा बाप्पा, लेझीम, डफडी, पितळी वाद्यांचा बँड. कोजागिरीपासून मोठ्या देवीचा, जगदंबेचा उत्सव सुरू झाला की पुन्हा तीच वर्दळ. पण वाजवणाऱ्या माणसाच्या दमाला आणि मनगटाला मर्यादा असते. डफडं सैल पडलं की ते शेकायला थांबावं लागे, क्लॅरिनेटवाला श्वास घ्यायला थांबे. त्या थांबण्यात कानांना विसावा मिळे. ट्रकवर स्पीकरच्या भिंती आल्या आणि हा विसावा गेला. जनरेटरला दम लागत नाही.

बाबा निवृत्त झाले तोवर आमचं बोलणं त्यांना अर्धंच पोचत होतं. मोठ्यानं बोललं तर म्हणत, "वरडू नको, सांग नीट." तेव्हा त्यांचा मला राग येई. पुढे कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्या तपासणीचा आलेख समोर ठेवला, तेव्हा उलगडा झाला. जाड, खालचे स्वर त्यांना बरेच ऐकू येत होते. चार हजार हर्ट्झच्या आसपास रेषा खोल खड्ड्यात उतरली होती. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाची ही ओळख असते. स, श, फ यांसारखे व्यंजनांचे बारीक आवाज वरच्या पट्टीत असतात. ते गळाले की माणसाला शब्द ऐकू येतात, पण कळत नाहीत.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते. परतीच्या वाटेवर ती खामगावला मुक्काम करते, आणि तिथून शेगावपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात सारा रस्ता माणसांनी भरून जातो. शेवटच्या काही वर्षांत बाबा पालखीपुढे उभे असत तेव्हा मृदंगाची थाप त्यांच्या छातीपर्यंत पोचे. टाळांचा नाद, टाळ वाजून गेल्यावर मागे रेंगाळणारी ती बारीक झणकार, त्यांच्यापर्यंत पोचत नसे. जन्मभर भजनात बसलेला माणूस टाळकऱ्यांचे हात पाहून ताल धरत होता. तेव्हापासून कान राखण्याचा विषय माझ्यासाठी जिव्हाळ्याचा झाला.

मी या कापसाच्या मागे लागले आणि कळलं की बोळ्यानं आवाज फारसा अडत नाही. तंतूंमधून हवा जाते, हवेबरोबर आवाजही जातो. जेमतेम काही डेसिबल कमी होतात. कान राखायचा तर नळीचं तोंड हवाबंद व्हायला हवं. बर्लिनमधल्या माक्स नेगवेर या औषधविक्रेत्यानं १९०७ मध्ये तेच केलं. ग्रीक महाकाव्यात जलपऱ्यांच्या गाण्यापासून वाचण्यासाठी खलाशांनी कानांत मेण भरल्याची कथा आहे. तिच्यावरून सुचून त्यानं कापूस मेणात कालवून कानासाठी गोळे तयार केले. आमच्याकडे कापूस ढीगभर होता, मेणही दुर्मीळ नव्हतं. त्या दोघांची गाठ बाबांच्या कानात कुणी घालून दिली असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या हाडाच्या पोकळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाची लाट आली की त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म केस लवतात. ज्वारीचं रान वाऱ्यानं लवतं आणि वारा पडला की उभं राहतं, तसेच तेही उभे राहतात. वादळ झालं की मोडतात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. मिरवणुकीहून आल्यावर रात्री कानात सूं असा आवाज येतो, सगळं कापडाआडून ऐकू आल्यासारखं वाटतं. सकाळी बरं वाटतं, म्हणून आपण ते विसरतो. पण ऐकू येणं पूर्ववत झालं तरी पेशींना जोडलेल्या मज्जातंतूंची टोकं कायमची तुटलेली असू शकतात, असं २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसून आलं.

किती आवाज किती वेळ सोसावा, हा हिशेब समजायला सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल, असं अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था मानते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोराचा दिवसभराचा वाटा एक-दोन गाण्यांत संपतो, आणि मिरवणूक रात्रीपर्यंत चालते. मैदानात अंतर वाढलं की आवाज झपाट्यानं उतरतो. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती तो परतवतात. म्हणून अरुंद बोळात ट्रकच्या शेजारून चालणं सगळ्यांत वाईट.

माझा मुलगा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याला वाजवू नको असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. त्याच्या मनगटात जे आहे ते आमच्याच घरातून आलंय. मी त्याच्या हातात फोमचे प्लग दिले. पहिल्या दिवशी तो कुरकुरला, "आई, याच्यानं सगळं दबून जातं, ताशाची तर्री कळत नाही." त्याचं खरं होतं. फोम वरचे स्वर जास्त दाबतो, खालचे कमी. त्यासाठी वादकांचे वेगळे प्लग असतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या अशा प्लगमध्ये बारीक फिल्टर असतो आणि तो सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच उतरवतो. गाणं तेच राहतं, फक्त दूर गेल्यासारखं होतं. ते महाग पडतात, पण अनेक वर्षं टिकतात. साध्या फोमची जोडी मात्र शेगाव स्टेशनवरच्या कचोरीच्या किमतीत मिळून जाते.

ती घालायची रीत आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. हात धुवायचे. प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटानं धरून ठेवायचा. आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला की नीट बसला. बाहेर लटकणारा प्लग बाबांच्या बोळ्याहून फार बरा नसतो. लहान मुलांच्या कानांवर हेडफोनसारखं दिसणारं संरक्षक आवरण चढवावं, आणि तान्ह्या लेकराला खांद्यावर घेऊन स्पीकरपुढे उभं राहूच नये.

मी स्वतः महिला भजनी मंडळात टाळ वाजवते. शेगावचं संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा देतं. त्या टाळांनी आमच्याकडची कितीतरी देवळं गाती ठेवली. तरी दगडी सभामंडपात एकदम वाजणारे टाळ कानापासून हातभर अंतरावर असतात, आणि आवाज भक्तीचा आहे की डीजेचा हे केसपेशीला कळत नाही. अखंड सप्ताहात मी आताशा प्लग घालून बसते. शेजारची काकू म्हणाली, "काऊन वं, कीर्तन ऐकाचं नाई काय?" ऐकायचंय म्हणूनच घातलंय, असं मी तिला सांगितलं. पुढच्या सप्ताहाला तिनं स्वतःसाठी एक जोडी मागून घेतली.

सगळा भार ऐकणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. केंद्राच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायचा नाही. वर्षातल्या मोजक्या सणांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक दिलं. सरासरी आवाज १०० डेसिबलच्या आत ठेवावा, तो चालू कार्यक्रमात मोजत राहावा, प्रेक्षकांना प्लग मिळावेत आणि कान विसावतील अशी शांत जागा असावी, असं त्यात म्हटलंय. यातलं काहीच आपल्या मंडळांच्या आवाक्याबाहेर नाही. वर्गणीतून रोषणाई होते, महाप्रसाद होतो. त्यातच आवाज मोजायचं एक यंत्र आणि प्लगच्या काही पेट्या सहज बसतात.

गल्लीतली मुलं पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन येतील तेव्हा वर्गणीबरोबर मी त्यांना प्लगची पेटी देणार आहे. माझी अट एकच: मिरवणूक उठायच्या आधी, गुलाल लावतानाच, प्रत्येक ताशेवाल्याच्या, ढोलवाल्याच्या आणि ट्रकवर बसणाऱ्या ऑपरेटरच्या हातात एक जोडी पडली पाहिजे. साठीतही त्यांना टाळ ऐकू यायला हवेत.