अण्णांचा फोटो

अण्णा गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडेना. दहाव्याला दादाने घाईघाईत ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात अण्णा सरकारी कचेरीत रांगेत उभे असल्यासारखे दिसतात. वर्षभर तोच भिंतीवर होता. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आई म्हणाली, "हा काढा बरं. हे असे कधी बसलेच नाहीत."

मग कपाटं, ट्रंका, जुने अल्बम... शेवटी दोन फोटो उरले. एक दादाच्या लग्नातला. फेटा बांधलेले अण्णा थेट आपल्याकडे बघताहेत, रुबाबदार. दुसरा ओसरीवरचा. अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरताहेत आणि समोर दादाची चार वर्षांची मुलगी पानाचा डबा दोन्ही हातांनी धरून उभी आहे. या फोटोत अण्णांची मान खाली आहे, डोळे दिसतच नाहीत. दादा म्हणाला, "गेलेल्या माणसाचा फोटो कसा, समोर बघणारा पाहिजे." आई काहीच बोलली नाही. मलाही ठरवता येईना.

त्याच आठवड्यात एक मैत्रीण ग्रीसला जाऊन आली. तिने अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातले फोटो पाठवले. बहुतेक पुतळे होते. पण एका फोटोवर मी थांबले. दीडेक मीटर उंचीची संगमरवरी शिळा, देवळासारखी चौकट आणि आत खुर्चीवर बसलेली एक बाई. समोर दासी एक डबा धरून उभी. बाईने डब्यातून काहीतरी उचललंय आणि मान किंचित झुकवून ती ते बघतेय. हे तिचं थडगं! इसवीसनपूर्व ४१०-४०० च्या सुमाराचं. वरच्या पट्टीवर नाव कोरलंय: प्रोक्सेनोसची हेगेसो. बस, एवढंच. कशाने गेली, किती वर्षांची होती, काही नाही.

मी ओसरीवरचा फोटो काढून शेजारी ठेवला. डबा, समोर उभं असलेलं माणूस, झुकलेली मान... अंगावर काटाच आला.

मग थोडं वाचलं. अथेन्सच्या केरामाइकोस दफनभूमीत अशा कितीतरी शिळा सापडल्या. कुणी हात हातात घेऊन निरोप घेतंय, कुणी नुसतं बसलंय. अँफारेटे नावाच्या एका आजीच्या शिळेवर तिच्या मांडीत तान्हं नातवंड आहे, आणि दोघंही गेलेली आहेत. पण रडारड कुठे नाही. चेहरेही सगळे शांत, जवळजवळ एकाच साच्यातले. म्हणजे हेगेसो खरोखर तशी दिसत होती असं मुळीच नाही! शिल्पकाराने चेहऱ्याचं साम्य सोडून दिलं आणि रोजच्या जगण्यातली एक कृती धरून ठेवली. पुढे इसवीसनपूर्व ३१७ च्या सुमारास डेमेट्रिओस या शासकाने थाटामाटाच्या थडग्यांवर बंदी घातली आणि तिथली ही परंपरा थांबली.

हे वाचताना सारखं पेडगाव आठवत होतं. आमचं लहानपण श्रीगोंद्यातलं. अण्णा आम्हाला भीमेकाठच्या किल्ल्यात न्यायचे. पूर्वीचा बहादूरगड, आता धर्मवीरगड म्हणतात तो. तिथे भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ आहेत. आम्ही त्यावर बसायला गेलो की अण्णा ओरडायचे, "उठा, माणूस आहे तो!" मग शिकवायचे की वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली वीर मरून पडलेला. गुरं राखताना गेला असेल तर गायीसुद्धा. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. आणि सगळ्यात वर तो कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण.

नाव मात्र नाही. कर्नाटकात वीरगळांवर लेख सापडतात, आपल्याकडचे बहुतेक मुके. मी एकदा विचारलं होतं, "मग आठवण कुणाची ठेवायची?" अण्णा म्हणाले होते, "कुणीतरी गावासाठी मेलं, याची."

अथेन्समध्येही एक वीर आहे, डेक्सिलेओस. इसवीसनपूर्व ३९४ मध्ये विशीच्या आसपास लढाईत गेला. त्याच्या शिळेवर तो घोड्यावर आहे आणि पायाशी शत्रू पडलाय. म्हणजे मेलेला मुलगा जिंकताना दाखवलाय. आपला पाथरवट तसं करत नाही. तो मरण सगळ्यात खाली, आधी दाखवतो, आणि मग माणूस कुठे गेला ते सांगतो. ग्रीकांचा दगड सांगतो की माणूस इथे होता, असा होता. मला दोन्ही खरे वाटतात. पण गावाला वीर लागतो, आणि घराला माणूस. अण्णा काही लढाईत गेले नाहीत. तीन आठवडे दवाखान्यात होते, नळ्या लावलेले. ती खालची चौकट आम्हा तिघांना पाठ आहे. कुठे गेले, ते श्राद्धाला गुरुजींनी सांगितलंच. राहिलं होतं ते एवढंच, की ते कसे होते.

हेगेसोच्या बोटांत आज काहीच दिसत नाही. तो दागिना दगडात कोरला नव्हता, रंगवला होता, आणि रंग उडाला. चिमूट मात्र तशीच आहे. मी हे आईला सांगितलं आणि दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले. तिने ओसरीवरचा उचलला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "सुपारी फार बारीक कातरायचे. मला तेवढी बारीक कधी जमली नाही."

दादाने दुसऱ्या दिवशी तोच फोटो फ्रेमला टाकला.

आता एकच अडचण आहे. हार घातला की नेमके हात आणि डबा झाकले जातात. म्हणून आई हार घालत नाही. फ्रेमच्या वरच्या कडेवर एक फूल ठेवते. येणारे-जाणारे विचारतात, हार का नाही म्हणून. ती म्हणते, "त्यांचं काम चाललंय."