चिनूच्या आधी तू

प्रिय सुमे,

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, चिनूचा इको झालाय, नॉर्मल आलाय, आता पुन्हा नको." तो शेजारीच होता म्हणून मी विषय वाढवला नाही.

तो इको चिनू आठ वर्षांचा असतानाचा. आता त्याला तेरावं लागलंय. दिवाळीची पँट होळीला आखूड झाली, तूच सांगत होतीस. आपल्या घरातली हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी बऱ्याचदा याच उंची सुटण्याच्या वयात डोकं वर काढते. हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा जाड होत जातो. म्हणून या वयात ईसीजी आणि इको दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करायचे असतात.

आपल्या बापूचं आठव. मैदानात धावता धावता कोसळला, तर कुणीतरी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. दोन मिनिटांत उठून बसला, हसलासुद्धा. पुढे वर्षभर मिरगीच्या गोळ्या. ईसीजी काढावा असं एकाही डॉक्टरला वाटलं नाही. धावताना शुद्ध हरपली तर आधी हृदय तपासायचं, हे आपल्याला कळलं तेव्हा बापू नव्हता. तेही माझ्यामुळे कळलं. विम्याच्या तपासणीत त्या डॉक्टरीणबाईंनी मला उकिडवं बसवलं, मग उभं केलं, स्टेथोस्कोप छातीवर तसाच. उभी राहिले की आवाज वाढायचा. दोनदा, तीनदा ऊठबस झाली. मला वाटलं, गुडघे बघतायत.

माझ्या रक्तात जनुकातला दोष सापडलाय, स्पष्ट. माझ्या सख्ख्या बहिणीत तो असण्याची शक्यता पन्नास टक्के. तुझा इको चांगला असला तरी दोष असू शकतो, आणि तुझ्यात असेल तर चिनूलाही पन्नास टक्के. पण नसेल, तर चिनूला आपल्याकडून तो येणारच नाही आणि वर्षावर्षाचे इको सुटतील. इतकं सगळं तुझ्या एका नळीभर रक्तावर आहे, आणि तू पोराला पुढे करून स्वतः मागे राहतेस!

सासरी काय म्हणतील, ही तुझी खरी भीती. म्हणू देत. साधारण पाचशे माणसांत एकाला हा आजार असतो. त्यांच्या घराण्यात मोजायला कुणी गेलेलं नाही.

समजा दोष निघालाच, तरी चिनूला कुणी खाटेला बांधणार नाही. पडदा जाड झाला नाही तोवर नुसती नजर ठेवायची. झालाच आणि त्रास सुरू झाला, तर माझ्यासारखी बीटा ब्लॉकरची गोळी. धोका मोठा दिसला तरच छातीत आयसीडी बसवतात. ठोका भरकटला की ते यंत्र झटका देऊन तो ताळ्यावर आणतं. खेळाचं हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवू. तोवर त्याला एवढंच सांग: धावताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं आणि लपवायचं नाही.

शनिवारी ये. रक्ताच्या या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, चहा-पोहे खाऊनच निघू.

तुझी,
ताई