ताटाची डावी बाजू

पंगतीत पान मांडले की सगळ्यांत आधी मीठ वाढतात. मग त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या आणि आमटी, मधे वरणभाताची मूद. जेवणाऱ्याची नजर उजवीकडे जाते आणि आग्रह होतो तो जिलबीचा, मठ्ठ्याचा. लिंबाच्या फोडीचा आग्रह कुणी करत नाही. पंगत उठते तेव्हा कितीतरी पानांत ती फोड तशीच पडलेली असते, न पिळलेली, कडेने सुकू लागलेली. मला त्या फोडीची खरोखर हळहळ वाटते. माणसाच्या शरीराला स्वतः बनवता न येणारी एक वस्तू तिच्यात भरलेली असते.

गोठ्यातली गाय, दारातली शेळी, ओसरीवरचे कुत्रे, या सगळ्यांच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार होते. शेळीला आवळा मिळाला काय आणि न मिळाला काय, तिचे अडत नाही. माणूस, माकडे, बरीचशी वटवाघळे आणि गिनीपिग मात्र या बाबतीत परावलंबी आहेत. आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या शरीरातले, हे जीवनसत्त्व बनवणारे एक जनुक बिघडले आणि बिघडलेलेच पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. ते पूर्वज झाडांवर राहत होते, हाताशी फळे होती, त्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. आपण झाडावरून उतरलो, शेती केली, कोठारे भरली. शरीर मात्र अजून फांदीवरच्या फळाची वाट पाहते. शिवाय हे जीवनसत्त्व ते फारसे साठवूनही ठेवत नाही. पाण्यात विरघळणारे हे द्रव्य जास्त झाले की निघून जाते, आणि पुरवठा तुटला तर काही आठवड्यांत शिल्लक संपत येते. मग हिरड्यांतून रक्त येते, सांधे दुखतात, भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडतात. शरीराला जोडून धरणारे कोलॅजन सतत नव्याने विणावे लागते आणि ती वीण क जीवनसत्त्वावाचून टिकत नाही. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात.

स्कर्व्ही म्हटले की गोऱ्या खलाशांच्या गोष्टी सांगितल्या जातात. 1747 साली जेम्स लिंड या डॉक्टरने जहाजावरच्या बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले आणि संत्री-लिंबे मिळालेले दोघेच झपाट्याने उठून उभे राहिले, ही त्यातली प्रसिद्ध. मला मात्र दुसरी एक हकीकत जास्त जवळची वाटते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीकाठच्या कुत गावात अडकली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 असा जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा होता. त्या फौजेत मराठा पलटणी होत्या, म्हणजे आपल्याच वाड्यावस्त्यांतले तरुण. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले. बहुतेक हिंदी जवानांनी धर्मापायी कितीतरी दिवस त्याला हात लावला नाही. ताज्या मांसात थोडे का होईना, क जीवनसत्त्व असते. नुसत्या पिठात ते नसते. स्कर्व्हीने शेकड्यांनी हिंदी जवान रुग्णालयात पडले. लोक नदीकाठचे रानगवत उपटून भाजीसारखे शिजवू लागले. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या, बांधावरची चिवळ, घोळ, चाकवत ओळखणाऱ्या माणसांवर परक्या मुलखातले तण चाचपडण्याची वेळ यावी, हे वाचताना घशात आवंढा येतो.

याच्या पुढची गोष्ट मात्र आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचते. 1917 साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या संशोधक बायकांनी दाखवून दिले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीवर काही उपाय नसतो, पण तेच भिजवून मोड आणले की तो उपाय त्यात उत्पन्न होतो. सैन्यासाठी मोड आलेल्या कडधान्यांची शिफारस झाली. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडायचे: पांढरे, बाकदार, ओले मोड फडक्याच्या विणीतूनही बाहेर डोकावत असतात. दाण्याने उगवायचे ठरवले की स्वतःपुरते क जीवनसत्त्व तो आपणच तयार करू लागतो. कुतमध्ये हे कुणाला ठाऊक असते, आणि हाती मूठ-मूठ कडधान्य असते, तर!

आता आवळ्याकडे. आमच्याकडे तुळशीचे लग्न होईपर्यंत नवा आवळा, बोर, चिंच तोंडात घालायची नाही अशी रीत. एकदा लग्न लागले, वृंदावनात ऊस-आवळे पडले की मोकळीक. कार्तिकातले आवळी भोजनही त्याच दिवसांतले. झाडाखाली पान मांडून, डोक्यावरच्या नाजूक पानांच्या जाळीतून उन्हाचे कवडसे भातावर घेत जेवायचे. कच्चा आवळा चावला की आधी तुरट, मग आंबट, दात आंबून जातात, जीभ कोरडी पडते. आणि वर घोटभर पाणी प्यायले की तेच पाणी गोड लागते. हा गोडवा ज्याने लहानपणी अनुभवला त्याला आवळ्याची जाहिरात करावी लागत नाही. जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले आढळते, अलीकडच्या भारतीय मोजमापात ते 250 च्या आसपास भरते. आकडा उतरला म्हणून नाराज व्हायचे कारण नाही. सध्याच्या भारतीय शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम लागते. तेवढ्याला एक चांगला आवळा पुरतो. 1940 च्या सुमारास हिसारच्या दुष्काळात स्कर्व्ही पसरली तेव्हा आवळ्यानेच माणसे बरी केली. मोरावळा, सुपारी, उन्हात वाळवलेली आवळकाठी, सगळे आपापल्या जागी छान. पण कच्च्याची सर त्यांना नाही.

आवळ्याचा हंगाम सरला तरी पेरू आहेच. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व, म्हणजे संत्र्याच्या चौपट. नागपूरच्या संत्र्याचा मान कमी करायचा नाही, त्याच्या सालीचा नुसता वास हिवाळा घेऊन येतो. पण आजाऱ्याला भेटायला जाताना हातात संत्रीच असावीत आणि पेरू नसावा, हे मला पटत नाही. शाळेच्या फाटकाशी उभा असलेला गाडीवाला पेरू कसा कापतो ते पाहावे. देठाशी सुटू न देता उभ्या चार पाकळ्या, बोटाने फाकवून आत तिखट-मीठ, आणि पुन्हा मिटवून हातात. साल काढायची नाही, शिजवायचे नाही, वाट पाहायची नाही.

आणि आंबट ते सगळे क जीवनसत्त्वाचे असे मानू नये. चिंच इतकी आंबट, पण तिच्यात ते नावापुरते. उलट हिरव्या मिरचीत भरपूर, शेवग्याच्या पाल्यात संत्र्याच्या दुपटीहून अधिक. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला हे द्रव्य ढिगाने मिळाले ते त्याच्या सेगेद गावच्या मिरचीतच. रात्रीच्या जेवणात वाढलेली पाप्रिका खायचा कंटाळा आला म्हणून त्याने ती प्रयोगशाळेत नेली, असे तो स्वतः सांगत असे. 1937 चे नोबेल त्याला मिळाले. आपल्या डाव्या बाजूच्या कच्च्या मिरचीला एवढी मोठी सोयरीक आहे.

राहता राहिला चहा. गवती चहाची पात, आल्याचा ठेचा, तुळस, पुदिना: पावसाळ्यात या काढ्याने छाती मोकळी होते, मन थाऱ्यावर येते, आणि तो रोज प्यावा असेच मी सांगेन. पण खळखळ उकळलेल्या पाण्यात क जीवनसत्त्व शोधू नये, ते उष्णतेने आणि हवेने नासते. अपवाद आहेत. 1535-36 च्या हिवाळ्यात जाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीची माणसे कॅनडात बर्फात अडकून स्कर्व्हीने मरत होती, पंचवीसेक गेली. तिथल्या रहिवाशांनी एका सदाहरित झाडाची पाने आणि साल उकळून प्यायला शिकवली आणि उरलेली वाचली. ते झाड नेमके कोणते यावर आजही मतभेद आहेत. आपल्याकडे सोपा मार्ग आहे. काढा खाली उतरवावा, गाळावा, पिण्याजोगा निवू द्यावा आणि मगच लिंबू पिळावे. कोऱ्या चहात पिळले तर डोळ्यांदेखत त्याचा गडद रंग उजळून मधासारखा होतो.

गोळी घेतली तरी गरज भागते; तिच्यातले द्रव्य आणि आवळ्यातले द्रव्य एकच आहे. डॉक्टरने दिली तर जरूर घ्यावी. पण पिळलेले लिंबू आणखी एक काम करते. कडधान्यातले, पालेभाजीतले, बाजरीच्या भाकरीतले लोह शरीर एरवी फार थोडे उचलते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असले तर जास्त उचलते. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या उलट करतो. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका आणि मुली घरोघरी आहेत, आणि त्यांचेच जेवण सगळ्यांत शेवटी, उरल्यासुरल्यावर, डाव्या बाजूवाचून होते.

म्हणून एवढे करा. उसळ चुलीवर असताना लिंबू पिळू नका, ताटात वाढल्यावर पिळा. कोशिंबीर जेवायच्या वेळी चिरा, सकाळी चिरून ठेवू नका. आणि घरातली जी बाई सगळ्यांना वाढून मागाहून बसते, तिच्या पानात डावी बाजू वाढली आहे ना, हे आधी पाहा; लिंबाची शेवटची फोड तिच्यासाठी राखून ठेवा.