आंबेमोहराचा वास कुठून येतो?

वडिवळे धरण कुंडली नदीवर आहे. कुंडली पुढे इंद्रायणीला मिळते. पावसाळ्यात या भागात भाताची खाचरं भरतात, आणि ज्या तांदळाने मावळचं नाव घरोघरी नेलं त्याचं नावही इंद्रायणीच.

आमच्या घरी ईदची बिर्याणी बासमतीचीच होते, कारण तिथे दाणा मोकळा हवा. पण खीर, पेज, आजाऱ्याचा मऊ भात यांना मावळचा तांदूळ लागतो. दिसायला हे तांदूळ किती वेगळे! एक लांब नि सडसडीत, दुसरा आखूड आणि शिजला की चिकट. तरी दोघांच्या वासामागचा मुख्य रेणू एकच आहे: 2-असेटिल-1-पायरोलीन. अमेरिकेत रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये तो शिजलेल्या भातात ओळखला. भातात घालायच्या अन्नपूर्णेच्या पानातही तोच आहे. पाण्याच्या हजार कोटी भागांत याचा एक भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. पुणे विद्यापीठातल्या अल्ताफहुसेन नदाफ आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये बासमती-370 आणि आंबेमोहर-157 यांच्या वासाचा शेजारी शेजारी ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला.

मला सर्वांत नवल वाटतं ते या वासाच्या कारणाचं. साध्या भातात एक जनुक असतं. त्यातून तयार होणारं एन्झाइम एका विशिष्ट पदार्थाचं दुसऱ्यात रूपांतर करतं. सुवासिक वाणांत हे जनुक बिघडलेलं असतं. काम थांबतं, कच्चा माल साठतो आणि त्यातून सुगंध तयार होतो. म्हणजे ज्याला आपण तांदळाचा गुण म्हणतो, ती जनुकाच्या हिशेबाने खोट आहे. सूरह रहमानमध्ये अल्लाहच्या देणग्या सांगताना टरफलातलं धान्य आणि सुगंधी वनस्पती यांचा उल्लेख एकत्र येतो. देणगी कोणत्या वाटेने येईल हे आपण ठरवत नाही.

ही खोट आई आणि बाप दोन्हीकडून आली तरच वास येतो. त्यामुळे सुवासिक भाताचा साध्या भाताशी संकर केला की पुढच्या पिढीच्या रोपांत वास लपतो. तो त्याच्याही पुढच्या पिढ्यांतून वेचून काढावा लागतो. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि उतारा कमी देतो. म्हणून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-157 आणि बुटका, भरघोस आयआर-8 यांच्या संकरातून इंद्रायणी वाण काढलं. 1987 मध्ये ते शेतकऱ्यांकडे आलं. वासही राहिला, पोतीही वाढली.

आता अडचण बाजाराची आहे. तराजूवर वजन मोजलं जातं, वास मोजला जात नाही. कुठलाही आखूड, चिकट तांदूळ इंद्रायणी म्हणून खपवता येतो. अशाने खरं वाण जपणाऱ्याच्या हाती जादा काही पडत नाही, आणि मावळात शेतजमिनीला बंगल्यांचं गिऱ्हाईक कायम उभं आहे.

आपल्या हाती एवढं नक्की आहे: तांदूळ शक्यतो पिकवणाऱ्याकडून घ्यावा. मूठभर शिजवून आधी वास पाहावा. हा रेणू उडून जाणारा आहे, साठवणीत कमी होत जातो; म्हणून डबा घट्ट लावावा आणि खिरीसाठी नवा तांदूळ घ्यावा. पटला तर दोन रुपये जास्त द्यायला कुरकुरू नये. तेवढ्यावरच पुढच्या वर्षी तो पेरायचा की नाही हे ठरतं.