सील कशानं गेलं?

ट्रॉलीचा जॅक गळतोय, हे मालकाला सगळ्यांत शेवटी कळतं. आधी कळतं ड्रायव्हरला. पण बोललं की आपल्याच अंगावर येणार, म्हणून तो लिटरभर तेल ओतून वेळ मारून नेतो. मग अंगणातल्या फरशीवरचा काळा डाग घरातल्या बायकांच्या नजरेला येतो. शेवटी मुरमानं भरलेली ट्रॉली अर्ध्यावर उचलून थांबते, तेव्हा मालकाचा फोन येतो. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं : "मिस्त्री, जॅकचं सील गेलंय. तेवढं बदलून द्या, उद्या सकाळी खेप आहे."

कराडपासून कोल्हापूरपर्यंत महामार्गालगतच्या कुठल्याही हायड्रॉलिकच्या गाळ्यात हे वाक्य ऐकू येतं. जाणता मिस्त्री त्यावर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. "आणा तर खरं," एवढंच म्हणतो. सील गेलंय की नाही, हे त्याला अजून पाहायचं असतं. आणि गेलं असेल तर ते कशानं गेलं, हा प्रश्न मालकाला पडलेलाच नसतो.

जॅकच्या पोटात चाललेलं काम काही साधं नाही. दहा सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनचं तोंड साधारण साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरतं. ट्रॅक्टरच्या पंपानं दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोचा दाब दिला, की त्या तोंडावर जवळजवळ बारा टनांचा रेटा तयार होतो. हा रेटा आत कोंडून धरतं ते बोटाएवढ्या जाडीचं रबर किंवा पॉलियुरेथेनचं कडं. थंड देशांत सरपणाचे ओंडके चिरणाऱ्या यंत्रात हेच, शेतातल्या ट्रॉलीत हेच आणि रस्ता खणणाऱ्या जेसीबीतही हेच.

तेल दिसतं तिथून ते निघालेलं असेलच असं नाही. वरच्या निपलातून पाझरलेला थेंब पाईपावरून ओघळतो, जॅकच्या बुडाशी येतो आणि तिथून टपकतो. त्यात धूळ बसली, की सगळा जॅकच गळका वाटायला लागतो. म्हणून पहिलं काम धुण्याचं. डिझेलनं घासून, कोरडं पुसून जॅकवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि इंजिन चालू करून ट्रॉली थोडी उचलायची. पांढऱ्या पावडरीत जिथं पहिली काळी रेघ उमटते, तो उगम. (रांगोळी हाताशी असली तरी वापरू नये. ती दगडाचीच पूड, रॉडला लागली तर नवं दुखणं.) निम्म्या वेळा ही रेघ सीलपाशी उमटतच नाही. पाईप चासीला घासून आतली तारेची जाळी उघडी पडलेली असते, किंवा निपलाच्या उतरत्या तोंडावर आधीच्या कुणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असते. तिथं तेल अडवतो तो धातूवर धातू बसलेला उतार. आट्यांचं काम फक्त तो उतार आवळून धरण्याचं. टेप तिथं काहीच करत नाही. उलट तिचा तुकडा तुटून आत गेला, की थेट व्हॉल्व्हात जाऊन अडकतो.

कधी तेलाचा थेंबही बाहेर नसतो, तरी उचललेली ट्रॉली हळूहळू खाली बसते. एकाच बाजूनं तेल घेणाऱ्या जॅकचं सील गेलं तर तेल बाहेर यायलाच हवं. ते येत नसेल तर ते व्हॉल्व्हातून मागं पळतंय. अशा वेळी जॅक खोलणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि आपला दिवस, दोन्ही वाया. तरीही जॅक खोलले जातात, कारण खोललेला जॅक मालकाला दिसतो आणि व्हॉल्व्ह दिसत नाही.

जॅक खोलायचाच झाला तर खरी मजा जुन्या सीलमध्ये आहे. बरेच जण ते कापून काढतात आणि कचऱ्यात टाकतात. जाणकार मात्र ते अख्खं उपसतो, पुसतो आणि उजेडात फिरवून बघतो. कडा कुरतडल्यासारख्या तुटल्या असतील तर दाबानं रबर फटीत ढकललं गेलंय, म्हणजे रॉडला धरणारी ग्लँड झिजून फट वाढलीय किंवा कुणीतरी दाब आटोक्यात ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह जास्त आवळलाय. सील कडक होऊन तडकलं असेल तर तेल तापत होतं. फुगून लिबलिबीत झालं असेल तर आत भलतंच तेल गेलंय. एकाच अंगानं झिजलेलं सील म्हणजे जॅक तिरका चालतोय, खालच्या पिनेचं बुश खाल्लं गेलंय. अंगभर उभ्या चिरा असतील तर माती. आणि माती बहुतेक वेळा एकाच वाटेनं येते : ट्रॉली सोडल्यावर पाईपाचं क्विक कपलिंग टोपणाशिवाय धुळीत लोंबत राहतं आणि पुढच्या ट्रॅक्टरला ते तसंच जोडलं जातं. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरचं तेल एकच असतं, म्हणजे ती माती पुढं गिअरपर्यंत जाते. वीस रुपयांचं टोपण हरवल्याचा हिशोब असा कुठल्या कुठं जातो.

सीलच्या घडणीमागं सव्वादोनशे वर्षांचा विचार आहे. इंग्लंडात जोसेफ ब्रामानं 1795 मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. दाब तर तयार होई, पण पाणी पिस्टनच्या कडेनं निसटे. कडेची भरण घट्ट ठोकली तर पिस्टन परत येताना अडके. तोड काढल्याचं श्रेय त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्सलेला दिलं जातं. त्यानं चामड्याचं, कड वळवलेलं वाटीसारखं सील बसवलं. दाब चढला की पाणी स्वतःच ती कड पिस्टनवर दाबून धरी आणि दाब उतरला की कड सैल पडे. आजच्या सीलची ओठासारखी कड तेच करते, फक्त तिचं तोंड तेलाकडं हवं. घाईत ते उलटं बसलं तर नवंकोरं सील पहिल्याच उचलीला गळतं, आणि दोष मात्र 'डुप्लिकेट मालाला' लागतो.

मग रॉड. त्यावरचा हार्ड क्रोम चकाकतो, त्यामुळं डोळा फसतो. नख फसत नाही. त्याहून बारीक काम कापूस करतो : रॉडवरून बोळा फिरवला की जिथं खरवड असेल तिथं तंतू अडकून राहतात. ट्रॉलीच्या तळाला वेल्डिंग करताना उडालेल्या ठिणगीचा दाणा रॉडला चिकटलेला सापडणं नेहमीचं. वेल्डिंगवाल्यानं एक ओलं पोतं टाकलं असतं तर भागलं असतं. बारीक खरवड तेलाच्या दगडानं घासता येते, पण घासायची रॉडच्या भोवतीनं. उभी घासली तर तेलाला बाहेर पडायला नवी वाट करून दिल्यासारखं होतं. क्रोम उडून खड्डा पडला असेल तर रॉड क्रोमिंगला पाठवायचा किंवा नवा घ्यायचा, आणि खेप उद्या होणार नाही असं मालकाला तोंडावर सांगायचं. या धंद्यातली सगळ्यांत अवघड पायरी हीच. अडीचशेचं काम चार हजारांवर गेलं की शेजारच्या गाळ्याचं नाव निघतंच.

सील बसवताना स्क्रूड्रायव्हर दूर ठेवावा. त्याच्या धारेनं पडलेली केसाएवढी चीर दाबाखाली उघडते. कडक सील गरम पाण्यात जरा ठेवलं की ताणायला नरम पडतं. ज्या आट्यांवरून ते सरकवायचं, त्यांवर आधी प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळावी, नाहीतर बसवतानाच आटे ते कापतात.

दोन गोष्टींत मात्र घाई जिवाशी येते. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय डोकं घालायचं नाही. इंजिन बंद आहे, लिव्हर जागेवर आहे, याला काही अर्थ नसतो. आणि पाईपाचं बारीक भोक बोटानं चाचपायचं नाही. सुईएवढ्या भोकातून दाबाखाली सुटलेलं तेल कातडी भेदून आत शिरतं. जखम काटा रुतल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मांस सडायला लागतं आणि बोट गमावायची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरला तरी भोक सापडतं. तरीही असं झालंच, तर लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना 'काहीतरी टोचलं' न सांगता 'दाबाचं तेल आत गेलंय' असं सांगायचं.

जोडणी झाली की रिकामी ट्रॉली दोन-चारदा वर-खाली करून हवा काढायची आणि तेलाची पट्टी ट्रॉली खाली टेकवून बघायची. हे शेवटचं ड्रायव्हरला बजावून सांगावं लागतं. दहा सेंटिमीटर व्यासाचा, मीटरभर उचल असलेला जॅक पूर्ण वर असताना पावणेआठ लिटरच्या वर तेल त्याच्या पोटात असतं. तशात पट्टी बघून कुणी तेल भरलं, तर ट्रॉली खाली येताच ते सगळं परत येतं आणि हवा खेळणाऱ्या ब्रीदरमधून बाहेर ओघळतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा पुन्हा फोन : "मिस्त्री, कालचं सील पण गेलं बघा!" मिस्त्री विचारतो, "तेल कुणी भरलं आणि ट्रॉली वर होती का खाली?"